रील हजारोंनी पाहिली, आवक नंबर कुणी घेतला?

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या इमारतीतली एक मुलगी दारात उभी राहिली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. केस ओले, हातात फोन, चेहरा रडवेला. शाळेच्या गल्लीतलं चेंबरचं झाकण फुटलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून कुणीतरी त्या भोकात आंब्याची फांदी उभी खोचली होती आणि तिला लाल प्लास्टिकची पिशवी बांधली होती. पाणी तुंबलं की फक्त ती पिशवी दिसायची. या मुलीने त्याची रील केली, आणि चांगली केली. पहिली-दुसरीची मुलं दप्तर सावरत कडेकडेने कशी जातात ते तिने नेमकं टिपलं होतं. चार दिवसांत ४१ हजार लोकांनी ती पाहिली.

"काकू, एवढ्या लोकांनी बघितलं, तरी झाकण बसत नाही. कुणाला काही पडलेलंच नाहीये."

मी विचारलं, "तक्रार नंबर काय?"

"कसला नंबर?"

आमच्या भागातल्या नागरिक गटात मी बारा वर्षं काम करते आहे. हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विशी-बाविशीतलं विचारतं. हल्लीच्या मुलांना समाजाचं काही वाटत नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. भर पावसात गुडघाभर पाण्यात उभं राहून जी शूटिंग करते, तिला वाटत होतं म्हणूनच ना? तिचं वाटणं खरं होतं. ते जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचलं नव्हतं, एवढंच. ते का पोचत नाही आणि कसं पोचवायचं, हे समजून घेऊ.

दोन वह्या, दोन हिशोब

तिच्या फोनमागे एक वही आहे आणि वॉर्ड ऑफिसात दुसरी. या दोन वह्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

फोनमागची वही म्हणजे अल्गोरिदम. पडद्यावर तुम्हाला पुढे काय दाखवायचं हे ठरवणारी गणिती रीत, एवढाच त्याचा अर्थ. मंडईतला भाजीवाला काय करतो? गिऱ्हाईक ज्या टोपलीपाशी जास्त वेळ थांबतं ती टोपली दुसऱ्या दिवशी पुढे आणतो. अल्गोरिदमही तेच करतो. लोक किती सेकंद थांबले, शेअर केलं का, खाली काही लिहिलं का, हे तो मोजतो. थांबणारा माणूस कोणत्या वॉर्डात राहतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आम्ही दोघींनी त्या रात्री तिच्या रीलची आकडेवारी उघडली. सर्वाधिक प्रेक्षक कोणत्या शहरातले याची यादी होती, आणि आमच्या शहराचा नंबर त्यात चौथा होता. म्हणजे ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यातले बहुतेक त्या गल्लीतून कधी चालणारच नव्हते.

दुसरी वही आवक-जावकची. जिल्हाधिकारी कार्यालयात तिला बारनिशी म्हणतात. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तिथे नोंदला जातो, त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते आणि तो कोणत्या खात्याकडे गेला ते लिहिलं जातं. हल्ली ही वही बऱ्याच ठिकाणी संगणकात गेली आहे आणि पालिकांच्या ॲपवर तक्रार टाकली तरी असाच क्रमांक मिळतो. सरकारी दवाखान्यात तुम्ही कितीही कण्हलात तरी केसपेपर काढल्याशिवाय डॉक्टरच्या टेबलावर तुमचा नंबर लागत नाही. तसंच हे. क्रमांक पडला की तो कागद कुणाच्या तरी गळ्यात पडतो. उद्या "अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय केलंत?" असं विचारता येतं. क्रमांक नसेल तर विचारणार कशाबद्दल?

"पण पालिकेच्या खात्याला टॅग केल्यावर काम झालेलं मी पाहिलंय," असं कुणी म्हणेल. मीही पाहिलं आहे. तिथे पडद्यामागे असं होतं की ते खातं सांभाळणारा कर्मचारी तुमची पोस्ट उचलतो आणि स्वतः तक्रार म्हणून नोंदवतो. तुमचं काम त्याने केलेलं असतं. तो रजेवर असला की पोस्ट तशीच राहते.

या लेखात एक शब्द पुन्हा येईल, नागरी सहभाग. निर्णय होण्याआधी, होताना किंवा झाल्यावर त्यात आपलं म्हणणं नोंदवणं, इतकाच त्याचा अर्थ मी धरते आहे. मतदान हा त्यातला एक भाग.

नऊ वर्षं मतपेटीच समोर आली नाही

मुलांना हे माहीत का नाही, यामागे एक कारण आहे ज्याची चर्चा फार कमी होते. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या महापालिकांची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली. मुदत संपली २०२२ मध्ये. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यावर चक्रं हलली, आणि २९ महापालिकांचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये तर त्याआधीचं मतदान २०१५ चं होतं.

आता हिशोब करा. मार्च १९९९ मध्ये मुंबईत जन्मलेली मुलगी २०१७ च्या निवडणुकीत मतदार नव्हती. तिने आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत दिलं तेव्हा ती २६ वर्षांची होती. कॉलेज, पहिली नोकरी, कदाचित लग्नही, या सगळ्या काळात ती आपल्या शहराची मतदार असून नगरसेवकासाठी मत देऊ शकली नाही. चार वर्षं तर दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता. याच काळात तिच्या हातातला फोन मात्र रोज तिचं मत विचारत होता: आवडलं का, शेअर करणार का, काय वाटतं? सवय कशाची लागणार?

सायकल शिकायचं एक वय असतं. त्या वयात सायकलच मिळाली नाही आणि नंतर "तुला तोल सांभाळता येत नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही.

एक बारकावाही सांगते, कारण या निवडणुकीत त्याने अनेक मुलांचा हिरमोड केला. महापालिकेच्या मतदानासाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची मतदार यादी धरली होती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलांना जानेवारीत मत देता आलं नाही. अठरा पूर्ण झाली का हे मोजायला पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच तारीख असायची. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. मतदानाच्या आदल्या आठवड्यात "नाव कसं घालायचं?" असे फोन येतात तेव्हा मला वाईट वाटतं. तोवर यादी केव्हाच बंद झालेली असते.

मग पोस्ट करून काहीच होत नाही का?

होतं. आणि ते मोजलंही गेलं आहे.

२ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत संसदेची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने सुमारे सहा कोटी लोकांच्या पानावर एक पट्टी दाखवली: आज मतदान आहे, केंद्र कुठे आहे ते पाहा, आणि तुमच्या या या मित्रांनी मत दिलं. सोबत मित्रांचे चेहरे. काही लाख लोकांना तीच माहिती चेहऱ्यांशिवाय दाखवली. नंतर संशोधकांनी प्रत्यक्ष मतदानाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. नुसत्या माहितीचा काही उपयोग झाला नव्हता. चेहऱ्यांसकट पाहिलेल्यांत मतदान किंचित वाढलं होतं. टक्क्यांत ते अर्ध्याहूनही कमी, पण एवढ्या मोठ्या संख्येमुळे थेट साठ हजार जास्त मतं, आणि मित्रांच्या मित्रांपर्यंत पोचून आणखी दोन लाख ऐंशी हजार. २०१२ मध्ये हा अभ्यास 'नेचर'मध्ये छापून आला. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की परिणाम झाला तो जवळच्या मित्रांमुळे, ज्यांना आपण फोनबाहेरही भेटतो. यादीतल्या बाकी शेकडो ओळखींचा जवळपास काही प्रभाव पडला नाही.

म्हणजे ४१ हजार अनोळखी माणसांपेक्षा त्या गल्लीतले दहा-पंधरा पालक जास्त कामाचे. आपल्याकडे हे नवीन नाही. गणपतीची वर्गणी पोस्टर लावून जमत नाही, दोघंतिघं ओळखीचे दारात आले की जमते.

दुसरा अभ्यास जरा सावध करणारा आहे. कॅनडात युद्धांत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरमध्ये छातीवर लाल फूल लावतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना हे फूल चारचौघांत लावायला दिलं, काहींना पाकिटात घालून खासगीत दिलं. थोड्या वेळाने दोघांकडेही देणगी मागितली. पाकिटवाल्यांनी जास्त दिली. चारचौघांत फूल मिरवलेल्यांना आपलं कर्तव्य झाल्यासारखं वाटलं असावं. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पोस्ट टाकल्यावर जो मोकळा श्वास सुटतो तो आपण सगळ्यांनी अनुभवला आहे, मी सुद्धा. तो श्वास धोक्याचा असतो, कारण काम झालं नाही तरी झाल्यासारखं वाटतं.

ट्रायकडे गेलेल्या लाखो ई-मेलची गोष्ट

या विषयावर भारतातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला विचाराल तर ते २०१५-१६ चं. तेव्हाची कॉलेजातली मुलं आज तिशीत आहेत. अनेकांना आठवत असेल.

दूरसंचार क्षेत्राचं नियमन करणाऱ्या ट्राय या संस्थेने २७ मार्च २०१५ ला एक सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता: मोबाइल कंपन्यांनी काही वेबसाइटना स्वस्त किंवा वेगवान आणि काहींना महाग असं ठेवायचं का? सगळ्या वेबसाइटना सारखी वागणूक, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. एसटीचं तिकीट अंतरावर ठरतं, तुम्ही देवळात चाललात की दुकानात यावर नाही. तसंच. मसुदा लांबलचक, क्लिष्ट इंग्रजीत, शेवटी वीस प्रश्न, उत्तरासाठी २४ एप्रिलपर्यंत मुदत.

काही तरुण स्वयंसेवकांनी त्या वीस प्रश्नांचा साध्या भाषेत उलगडा केला, प्रत्येकाला उत्तर सुचवलं, आणि एक वेबसाइट केली जिथून ई-मेल थेट ट्रायच्या पत्त्यावर जाई. विनोदी व्हिडिओ करणाऱ्यांनी तो विषय घराघरांत पोचवला. मुदतीच्या आत दहा लाखांच्या वर ई-मेल गेले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने दुसरा मसुदा काढला. या वेळी प्रश्न फक्त चार. आता फेसबुक मैदानात उतरलं. काही निवडक वेबसाइट फुकट देणारी त्यांची फ्री बेसिक्स ही योजना या प्रश्नांच्या कचाट्यात येत होती. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांच्या पडद्यावर तयार मजकूर आणला: एक बटण दाबा, तुमच्या नावाने ट्रायला संदेश जाईल. लाखोंनी दाबलं.

आणि इथे गंमत नाही, धडा आहे. त्या तयार संदेशात ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. फ्री बेसिक्सला माझा पाठिंबा आहे, इतकाच त्याचा आशय. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला कडक शब्दांत कळवलं की सल्लामसलत म्हणजे हात वर करून मोजणी करायची जनमत चाचणी नव्हे. आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइटनुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. जगातल्या सगळ्यात मोठ्या समाजमाध्यमाने, स्वतःच्याच व्यासपीठावर, लाखो बोटं कामाला लावली आणि तरी त्यांच्या मनासारखं झालं नाही.

दोन्हीकडे तयार मजकूर होता, दोन्हीकडे बटण होतं. पहिल्या वेळी बटणामागे प्रश्नांचा अभ्यास होता, दुसऱ्या वेळी नव्हता. परीक्षेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न लिहिता पुरवण्या भरल्या तर मार्क मिळत नाहीत, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. सरकारी मसुद्यांनाही तोच नियम लागू आहे. महापालिकेचा विकास आराखडा असो, प्रभागरचना असो की वृक्षतोडीची नोटीस, "हरकती व सूचना" असं शीर्षक असलेली जाहिरात आली की त्यात चार गोष्टी शोधायच्या: विषय नेमका काय, मुदत कधीपर्यंत, पत्ता कोणता, आणि विचारलंय काय.

'हरकती घेतात, पण ऐकतं कोण?'

हा प्रश्न मुलं विचारतात तेव्हा मी आरे सांगते, आणि ते सांगताना मला त्रास होतो.

मुंबई मेट्रो ३ च्या कारशेडसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या झाडांचा प्रश्न आला. ८० हजारांच्या वर हरकती गेल्याचं त्या वेळी सांगितलं जात होतं. तरी २९ ऑगस्ट २०१९ ला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडं तोडायला किंवा हलवायला परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आऱ्या चालू झाल्या. मुलांनी फोनवरून एकमेकांना कळवलं, शेकडो जण धावले, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं गेली होती.

पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने आणखी ८४ झाडांबाबत अर्ज करायची मुभा दिली. प्राधिकरणाकडे मात्र १७७ झाडांची मागणी गेली. हा फरक न्यायालयापुढे मांडला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंड झाला. मेट्रो आज धावते आहे. झाडं परत आली नाहीत. म्हणून मी कुणाला "हरकत घ्या, जिंकाल" असं खोटं सांगत नाही. पण पत्र लिहिलं म्हणून तीन दिवसांत तोड थांबली, आणि ८४ च्या जागी १७७ ही लबाडी पकडली गेली ती आकडा कागदावर होता म्हणून. जंगलात त्या रात्री धावलेली मुलं आणि पत्र लिहिणारा विद्यार्थी, दोघांची गरज होती. धावपळ झाली नसती तर पत्राला निकड आली नसती, आणि पत्र नसतं तर धावपळीची बातमी होऊन विषय संपला असता.

'काकू, उगाच केस व्हायची'

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने लिहिलं होतं, दुसरीने ती पोस्ट नुसती लाइक केली होती. त्यावरून देशभर वादळ उठलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ, ज्यात अशी अटक करता यायची, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पालघरच्या त्या दोन मुलींचं या देशावर ऋण आहे.

कलम गेलं तरी भीती संपलेली नाही. २०२० मध्ये पर्यावरण परवानग्यांच्या नव्या मसुद्यावर पर्यावरणमंत्र्यांना ई-मेल पाठवायची मोहीम एका तरुण गटाने चालवली, तेव्हा त्यांची वेबसाइट बंद पडली आणि दिल्ली पोलिसांच्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी कायद्याचं कलम आलं. पोलिसांनी नंतर ते कलम चुकून लागल्याचं सांगून नोटीस मागे घेतली. सरकारनेच मागवलेल्या सूचना पाठवल्याबद्दल हे झालं, आणि ते अन्यायाचं होतं असं मला ठाम वाटतं. त्याच मसुद्याबाबत आणखी एक गोष्ट झाली. तो हिंदी आणि इंग्रजीतच होता. पर्यावरणाची झळ ज्यांना बसणार त्या कोकणातल्या मच्छीमाराने, चंद्रपूरच्या शेतकऱ्याने तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. आपल्या भाषेत मसुदा मागणं हाही नागरी सहभाग आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मुलांना मी दोन गोष्टी सांगते. आरोप करण्यापेक्षा प्रश्न विचारा. "पैसे खाल्ले" याऐवजी "या कामाची निविदा कधी निघाली, ठेकेदार कोण, हमी किती वर्षांची?" हे विचारलं की तुमच्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही आणि उत्तर देणाऱ्याला मात्र उत्तर द्यावं लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, उत्तराची मुदत ३० दिवस. दुसरं, एकट्याने सही करू नका, दहा सह्या घ्या. आणि तुमचं नाव-पत्ता सार्वजनिक होऊ शकतो हे धरून चाला. २०१५ मध्ये ट्रायने आलेले लाखो ई-मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले होते.

गावात हिशोब आणखी सोपा

शहरापेक्षा गावातल्या तरुणांच्या हातात जास्त ताकद आहे असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती, म्हणजे कोरम, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो.

गावात ४०० मतदार असतील तर साठ माणसं. ५ हजार असतील तरी शंभर. गावातल्या क्रिकेट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीकधी इतकी मुलं असतात. ग्रामसभेच्या दिवशी ती देवळाच्या पायरीवर बसून मोबाइल बघतात आणि आत कोरमअभावी सभा तहकूब होते, किंवा घरोघरी वही फिरवून सह्या गोळा केल्या जातात. ज्या सभेत आराखड्यातला पैसा रस्त्यावर की पाण्यावर हे ठरतं, त्या सभेचा कोरम त्या पायरीवर बसलेला असतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. या छोट्या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत: अभ्यास गट आणि ग्रामसभा. अभ्यास गटात बसून लोक विषय समजून घेतात, वाद घालतात, माहिती आणतात, तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सगळ्यांच्या संमतीने. हे सगळं स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी सुरू झालं.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपचं हेच काम असायला हवं. तो अभ्यास गट झाला तर सोनं आहे. आपण त्यालाच ग्रामसभा समजतो, तिथेच भांडतो, तिथेच अंगठा दाखवून ठराव पास करतो, आणि प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेचे ठराव लिहायच्या वहीत, त्यातली एक ओळ जात नाही.

'नेपाळमध्ये तर पोरांनी सरकार बदललं'

बदललं. नेपाळ सरकारने ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमं बंद केली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात त्या एका दिवसात १९ जण गेले, ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. पुढचा अंतरिम पंतप्रधान कोण असावा याची चर्चा मुलांनी डिस्कॉर्ड या ॲपवर केली, मतं घेतली, आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं.

याची नक्कल करावी असं जे म्हणतात त्यांनी पुढचं पान वाचावं. डिस्कॉर्डवरच्या पसंतीने कार्की पंतप्रधान झाल्या नाहीत. राष्ट्रपतींनी १२ सप्टेंबरला शपथ दिली तेव्हा झाल्या, आणि त्यांना काम दिलं गेलं ते ५ मार्च २०२६ ला निवडणूक घ्यायचं. शेवटी पुन्हा मतदार यादी, मतदान केंद्र आणि शाई. आणि त्या १९ घरांतली मुलं परत आली नाहीत. ज्या देशात तक्रारीचं दार उघडं असतं तिथे मुलांना जीव द्यावा लागू नये.

झाकणाचं पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो. अर्ज साधा: गल्लीचं नाव, जवळची खूण, शाळा किती फुटांवर, किती दिवसांपासून, खाली चौदा पालकांच्या सह्या, सोबत रीलमधून काढलेले दोन फोटो. खिडकीतल्या बाईंनी तो घेतला आणि बाजूला ठेवला. ती मुलगी वळून निघालीसुद्धा. मी तिला थांबवलं आणि दुसरी प्रत पुढे करून म्हटलं, "ताई, पोच द्या." बाईंनी शिक्का उचलला. शाई वाळलेली होती, पहिला ठसा उमटलाच नाही. पॅडवर दोन थेंब टाकून त्यांनी पुन्हा मारला, वर पेनाने आवक क्रमांक लिहिला आणि सही केली.

मुलीने त्या शिक्क्याचा फोटो काढला आणि जुन्या रीलखाली टाकला. नऊ दिवसांनी नवं झाकण बसलं. रीलमुळे बसलं की अर्जामुळे, मला सांगता येणार नाही. पाचव्या दिवशी आम्ही क्रमांक सांगून चौकशी केली तेव्हा समोरच्या माणसाला फाइल लगेच सापडली, एवढं खरं. झाकण थोडं वर आलंय, दुचाकी त्यावरून जाताना ठक्क वाजतं. त्याबद्दल दुसरा अर्ज गेला आहे.

त्या शिक्क्याच्या फोटोला चारशेसुद्धा लाइक मिळाले नाहीत. पण खाली आमच्याच भागातल्या सात-आठ मुलांनी विचारलं होतं, हा नंबर कुठे मिळतो? तिने त्यांचा वेगळा ग्रुप केला आहे. परवा तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे आला. त्याला सतरा पूर्ण झाली आहेत, मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरायचा होता. फोटो सेल्फीचा चालेल का, असं विचारत होता. त्याला सांगितलं, पांढऱ्या भिंतीपुढे उभा राहा, ताईला काढायला सांग.